धुकेकरी

बँकॉकच्या नोकरदार मध्यमवर्गात नोव्हेंबर ते जानेवारी या तीन महिन्यांत एक विशिष्ट मनुष्यप्रकार जागा होतो, आणि त्याला वारकरी या शब्दाच्या धर्तीवर, त्या शब्दाची आधी क्षमा मागून, धुकेकरी म्हणता येईल. वारकऱ्याप्रमाणे तोही ठरलेल्या दिवसांत, ठरलेल्या सोबत्यांसह, ठरलेल्या दिशेने निघतो. फरक इतकाच की त्याचे दैवत रोज सकाळी आठ-नऊच्या सुमारास विरून जाते. या दैवताला थाय भाषेत ‘थले मोक’ म्हणतात. थले म्हणजे समुद्र आणि मोक म्हणजे धुके. पावसाळा ओसरला की उत्तर थायलंडच्या दऱ्यांत ओल भरपूर असते आणि निरभ्र रात्री जमीन भराभर निवते. गार होऊन जड झालेली हवा उतारावरून घरंगळत तळाशी साचते, तिच्यातील बाष्पाचे धुके बनते आणि वरच्या तुलनेने उबदार हवेचे झाकण त्याला वर सरकू देत नाही, त्यामुळे कड्यावर उभ्या असलेल्या माणसाला पायाखाली पांढरा समुद्र आणि त्यात बेटांसारखे वर आलेले डोंगरमाथे दिसतात. या सगळ्या व्यवस्थेत पाहणारा धुक्याच्या वर असावा लागतो, ही एकच अट आहे, आणि धुकेकऱ्याकडून नेमकी तीच राहून जाते. ज्या निवासाच्या नावातच थले मोक आहे तो दरीच्या तळाशी असू शकतो हे त्याला पहाटे पाच वाजता कळते, जेव्हा तो खऱ्या अर्थाने समुद्रात उभा असतो आणि त्याला स्वतःच्या विजेरीपलीकडे काहीही दिसत नाही.

धुक्याइतकेच त्याला थंडीचे आकर्षण असते, आणि थंडी म्हणजे काय याची व्याख्या त्याच्या देशात सरकारी आहे. थाय हवामान खात्याच्या वर्गीकरणानुसार तापमान 16 अंश सेल्सिअसच्या खाली गेले की हवा ‘थंड’ ठरते, 8 अंशांच्या खाली ‘अति थंड’, आणि 16 ते 23 अंशांच्या दरम्यान ती नुसती ‘गार’ असते. बँकॉकच्या वाट्याला यातले गारपणच क्वचित येते, तर थंडीची गोष्टच नको. साहजिकच धुकेकऱ्याच्या कपाटात एक जाड, गुडघ्यापर्यंत येणारा कोट असतो, जो वर्षातून तीन दिवस बाहेर निघतो आणि उरलेले दिवस डांबरगोळ्यांच्या सहवासात काढतो. प्रवासाचा मूळ हेतू डोंगर नसून हा कोट असावा, असा संशय घ्यायला पुष्कळ जागा आहे. हाच मनुष्य वर्षभर कार्यालयातील वातानुकूलन यंत्राखाली गारठून कुरकुरत असतो, आणि मग त्याच गारठ्यासाठी सुमारे सातशे किलोमीटर रात्रभर गाडीने जातो.

मित्रमंडळाशिवाय धुकेकरी संभवत नाही, आणि मंडळ म्हटले की त्यात एक ‘हुआ ना’ असतो. थाय भाषेत हुआ म्हणजे डोके व ना म्हणजे चेहरा किंवा पुढची बाजू, आणि दोन्ही मिळून प्रमुख असा अर्थ होतो. हे पद निवडणुकीने मिळत नाही. कोठे जायचे, काय खायचे, किती वाजता उठायचे या प्रश्नांना बाकी सहा जण ‘अराय को दाय’, म्हणजे ‘काहीही चालेल’, असे उत्तर देतात, तेव्हा जो सातवा माणूस निरुपायाने निर्णय घेऊ लागतो तो आपोआप हुआ ना होतो. काहीही चालेल असे म्हणणाऱ्यांना प्रत्यक्षात काय काय चालत नाही याचा हिशोब त्यालाच ठेवावा लागतो. उलट त्याने पहाटे साडेतीनची वेळ जाहीर केली तरी कोणी तोंडावर विरोध करत नाही, कारण तेथे ‘क्रेंग चाय’ नावाची वृत्ती आडवी येते. दुसऱ्याला आपल्यामुळे त्रास किंवा अवघडलेपण होऊ नये म्हणून स्वतःची इच्छा गिळणे, असा त्या शब्दाचा ढोबळ अर्थ असून मराठीतला संकोच त्याच्या शेजारी राहतो, पण त्याच घरात नाही. सात माणसे एकमेकांबद्दल क्रेंग चाय बाळगू लागली की त्यांपैकी एकालाही नको असलेला कार्यक्रम अत्यंत वक्तशीरपणे पार पडतो.

मार्ग बहुधा छियांग माय शहरावरून जातो. तेथून पाय या गावाकडे नेणाऱ्या 1095 क्रमांकाच्या रस्त्याला 762 वळणे आहेत असे सांगितले जाते, आणि तो आकडा छापलेले बनियनवजा सदरे पायच्या बाजारात मिळतात. ही वळणे मोजली कोणी, असा प्रश्न धुकेकऱ्याला पडत नाही, कारण त्या वेळी त्याच्या नाकाशी ‘या दोम’ असते. या म्हणजे औषध आणि दोम म्हणजे हुंगणे. मेंथॉल व कापूर यांच्या वासाची ही बोटाएवढी नळी गाडीत एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहते, आणि तीनशेव्या वळणानंतर मैत्रीची खोली तिच्यावरूनच ठरते.

काही मंडळे पायऐवजी दोय इंथनोनवर जातात. उत्तरेकडे डोंगराला दोय म्हणतात, आणि 2565 मीटर उंचीचा हा दोय थायलंडमध्ये सर्वांत उंच आहे. छियांग मायच्या ज्या राजाच्या अस्थी शिखरावर ठेवल्या आहेत त्याच्या नावाचे हे संक्षिप्त रूप असून मूळ नाव उलगडले तर ‘इंद्रविजयानंद’ असे खणखणीत संस्कृत हाती लागते. शिखरावर झाडी दाट असल्याने दृश्य म्हणावे असे फारसे काही दिसत नाही. दिसते ती सर्वोच्च स्थान असल्याची पाटी आणि तिच्यासमोर छायाचित्रासाठी लागलेली रांग. नशीब जोरावर असेल तर गवताच्या पात्यांवर दवाचे गोठलेले दाणे सापडतात. धुकेकरी त्यांना ‘मे खनिंग’ म्हणतो, उत्तरेतला माणूस ‘म्वेय खाप’ म्हणतो, आणि एका पात्याभोवती पंधरा जण ओणवे झालेले असल्याने ते पाते शब्दांचा निकाल लागण्याआधीच वितळते.

संध्याकाळी ‘मू क्रथा’ होते. मू म्हणजे डुक्कर आणि क्रथा म्हणजे कढई. निखाऱ्यांवर ठेवलेल्या या भांड्याचा मध्यभाग घुमटासारखा वर आलेला असतो, त्यावर मांसाचे काप भाजतात आणि कडेच्या खंदकात त्याच रसावर भाज्या व शेवया शिजतात. हाच पदार्थ बँकॉकमध्ये प्रत्येकाच्या घराजवळ मिळतो ही गोष्ट त्या रात्री कोणी काढत नाही. स्थानिक पाककृतींना, उदाहरणार्थ भाजलेल्या हिरव्या मिरच्यांच्या ‘नाम प्रिक नुम’ या चटणीला, एक छायाचित्र व एक घास एवढा मान मिळतो. पहाटे कड्यावर तर ‘मामा’ शिजते. हा आईचा भाऊ नव्हे, तर एका छापाच्या झटपट शेवयांचे नाव सगळ्याच झटपट शेवयांना चिकटले आहे. वाफाळणारा मामाचा पेला एका हाताने धुक्यासमोर धरायचा आणि दुसऱ्या हाताने त्याचे छायाचित्र काढायचे, हा या यात्रेतला मुख्य विधी आहे, आणि पाण्याला उकळी येईपर्यंत धुके थांबेलच असे नसल्याने पुष्कळदा तो कोरड्या शेवयांवर उरकला जातो.

ज्यांच्या डोंगरावर हे चालते ते करेन, म्होंग, लाहू इत्यादी समाजांचे लोक धुकेकऱ्याकडे शेतकऱ्याच्या शांतपणाने पाहतात, म्हणजे हंगाम म्हणून. येथील उतारांवर पूर्वी अफू पिके. 1969 साली राजा भूमिबोल यांनी सुरू केलेल्या राजप्रकल्पाने तिच्या जागी पीच, स्ट्रॉबेरी, कोबी अशी थंड हवेची पिके आणली, आणि काही उतारांवर आता धुकेकरी हे आणखी एक पीक उभे राहिले आहे, ज्याला पाणी कमी पण पांघरुणे फार लागतात. म्होंग पोशाख भाड्याने घेऊन तो फुलांच्या वाफ्यात उभा राहतो, तेव्हा पोशाख देणारी म्होंग बाई स्वतः कारखान्यात शिवलेल्या स्वेटरात असते. ज्या समुद्राचे तो वरून कौतुक करतो त्याच्या तळाशी गावे असतात, तेथे दोरीवरचे कपडे दहापर्यंत वाळत नाहीत आणि शाळेची मुले दुचाकीचे दिवे लावून निघतात. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये शेतातला पालापाचोळा आणि जंगले पेटतात, तेव्हा याच दऱ्या ‘मोक ख्वान’ने, म्हणजे धुरकट धुक्याने, भरतात, तेही वरून पांढरेच दिसते, पण तेव्हा धुकेकरी येत नाही.

परतीच्या दिवशी गाडी धुके विरल्यानंतर खाली उतरते आणि आदल्या पहाटे समुद्रात बुडालेल्या गावातून जाते, तेव्हा साडेतीनपासून जागे असलेले सहाही जण तोंडे उघडी टाकून झोपलेले असतात. चालक सोडला तर जागा असतो फक्त हुआ ना. तो पुढच्या आसनावर बसून ‘हान’ करत असतो, म्हणजे खर्चाची समान वाटणी. या थाय क्रियापदाचे नाते आपल्या जुन्या गणितातल्या भागहाराशी आहे. एकूण रकमेला सातने पूर्ण भाग जात नाही, तेव्हा तो एकदा मागे वळून झोपलेल्यांकडे पाहतो आणि उरलेले बाथ मुकाट्याने स्वतःच्या नावावर मांडतो.