आदिमराव

आमचे चित्रकारमित्र बोरिवलीला बाराव्या मजल्यावर राहतात, पण स्वतःला ‘रानातला माणूस’ म्हणवतात. बालपण गिरगावातल्या चाळीत गेलं. तिथे कुंडीतली तुळस सोडली तर रान नव्हतं. आम्ही त्यांना आदिमराव म्हणतो. त्यांना ते आवडतं.

गळ्यात मण्यांची माळ, अंगात वारली छापाचा कुर्ता आणि कुर्त्याला टर्पेंटाइनचा वास. चित्राला ते ‘काम’ म्हणतात आणि कामाला मुळीच हात न लावता त्यावर तासभर बोलू शकतात. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी लग्नघराच्या भिंतीवरची बायकांची कला 1970च्या दशकात कागदावर आणली, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आदिमराव त्यांना ‘आमचा जिव्या’ म्हणतात. भेट कधी झाली नव्हती.

वारली घरात गेरूची भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी, एवढ्यावर भागतं. आदिमरावांना परदेशी लिननचा कॅनव्हास लागतो, जवसाचं तेल लागतं, सुऱ्यांचा सेट लागतो. ‘मातीचा खडबडीतपणा’ यावा म्हणून ते रंग सुरीने थापतात. तैलरंग काही पाण्यासारखा उडून वाळत नाही. हवेतला प्राणवायू घेत सावकाश घट्ट होतो, आणि जाड थराला महिनोन्‌महिने लागतात. त्यात मुंबईचा पावसाळा. मागच्या प्रदर्शनात एका बाईंच्या पैठणीवर सातपुड्याचा बराचसा भाग गेला. आदिमराव म्हणाले, “निसर्ग तुम्हाला स्पर्शून गेला!”

माणसाचा हात मात्र चांगला आहे, हे कबूल केलं पाहिजे. सागाच्या कोवळ्या पानांतला तांबूसपणा त्यांच्याइतका नेमका पकडणारे मी थोडे पाहिलेत. तोंड बंद ठेवून रंगवलं तर मोठे होतील.

दर थंडीत ते ‘मुळांकडे’ जातात, म्हणजे डहाणूच्या एसी रिसॉर्टवर. राष्ट्रीय उद्यान खरं तर त्यांच्या इमारतीच्या मागेच आहे. एकदा सोसायटीच्या सीसीटीव्हीत कुंपणावरून उडी मारणारा बिबट्या दिसला. कुंपण उंच करा, असा अर्ज सेक्रेटरीकडे सर्वांत आधी आदिमरावांचा गेला. ‘बिबट्याचा एकांत’ ही त्यांची मालिका तेव्हा अर्धी झाली होती.

त्यांच्याकडे केरवारा करणाऱ्या मावशी त्याच उद्यानातल्या वारली पाड्यावरून येतात, हे त्यांना बरीच वर्षं ठाऊक नव्हतं. कळलं ते तारपा नाचाच्या सहा फुटी चित्रापुढे मावशी झाडू घेऊन थबकल्या तेव्हा.

“दादा, ही सगळी तारपावाल्याकडे पाठ करून नाचतायत.”

“मग?”

“आमच्यात त्याच्याकडे पाठ नाही करत कोणी.”

आदिमराव क्षणभर गप्प झाले. मग त्यांनी माळ सारखी केली. “मावशी, हा समकालीन तारपा आहे.”

“असेल. पण मग तो वाजवतोय कोणासाठी?”

काळा घोड्याच्या गॅलरीत ते चित्र ‘परंपरेकडे पाठ’ या नावाने लागलं, किंमत पन्नास हजारांनी वाढवून. कॅटलॉगमध्ये चित्रकाराचं मनोगत होतं. पहिलंच वाक्य, ठळक अक्षरांत: ‘तो वाजवतोय कोणासाठी?’ खाली आदिमरावांची सही.