आठ मिलिमीटर खाणाऱ्या महाशयांस

नाशिक, रविवार रात्र

महाशय,

तुमचं नाव मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असतं तरी इथे छापलं नसतं. तुमच्या बॅगेच्या लेबलावर वाघाचं तोंड आहे आणि खाली ‘मिलिटरी ग्रेड’ असं लिहिलंय. धाडस म्हणावं तुमचं! ज्या शहरात ही बॅग विकलीत, त्याच्या शेजारी देवळालीत तोफखान्याचं स्कूल आहे आणि नाशिकरोडला तोफखाना केंद्र. इथे मिलिटरी म्हणजे काय, हे शाळकरी पोराला कळतं. पण वाघाला कोण सांगणार?

तुमच्या बॅगेवर नवारीच्या आडव्या पट्ट्या आहेत. त्यांत पाउच अडकवायचं असतं. या कल्पनेचं श्रेय तुमचं नाही, तेवढं समजून घ्या. अमेरिकी लष्कराकडे आधी ‘ॲलिस’ नावाची पद्धत होती, १९७३ची, पाउच धातूच्या क्लिपांनी अडकवायची. पुढे १९९७ साली ‘मॉली’ आली. (ॲलिस नि मॉली, दोघी एकाच कॉन्व्हेंटमधल्या बाई वाटतात.) मॉलीचा हिशेब साधा आहे. एक इंच रुंदीची नवार, दोन नवारींत एक इंच अंतर आणि दर दीड इंचावर उभा टाका. दोन टाक्यांमधली जागा म्हणजे खण. दीड इंच म्हणजे ३८ मिलिमीटर. पाउचची उभी पट्टी एक इंचाची, म्हणून खणात थोडी सैल जागा राहते. ही पट्टी आधी बॅगेच्या नवारीखालून, मग पाउचच्या पाठीवरच्या नवारीखालून, पुन्हा बॅगेच्या, अशी विणत न्यायची. बाज विणतात तसंच. असं विणलं की पाउच अंगाला चिकटून बसतं, लोंबत नाही.

तुमचे खण मी मोजले. कुठे ३१, कुठे ३०, एका ठिकाणी तर २९. आधी वाटलं, शिवणाऱ्याचा हात चुकला असेल. मग लेबल पुन्हा वाचलं: ‘एका रांगेत ७ खण!’ ३८च्या हिशेबाने तेवढ्याच रुंदीत पाचच बसले असते. दोन खण जास्त छापता यावेत म्हणून प्रत्येक खणातले सात ते नऊ मिलिमीटर तुम्ही खाल्लेत. शिवणाऱ्या माणसाला मी बोल लावत नाही. त्याने फर्मा दिला तसं शिवलं. फर्मा तुमचा.

मागच्या रविवारी आम्ही हरिहर गडावर गेलो होतो. आदल्या रात्री एक पाउच बसवायला मला एक तास चाळीस मिनिटं लागली. दोनपैकी एक पट्टी कशीबशी शेवटच्या नवारीपर्यंत पोचली, दुसरी मधेच अडली. म्हटलं, चालेल. निरगुडपाड्याकडून चढलो. त्या जवळजवळ उभ्या कातळपायऱ्यांवर दोन्ही हात खोबणीत असताना, पाउच माझ्या कमरेवर घंटेसारखं हलत होतं. वर पोचून टेकलो तोच एक माकड आलं. पाउचकडे एकदा पाहिलं, एकदा ओढलं, आणि माझे खजूर, बॅटरी, रुमाल घेऊन गेलं. मला एक तास चाळीस मिनिटं, त्याला एक सेकंद.

त्या पायऱ्यांतल्या खोबण्या तुम्ही पाहिल्यात का? कातळात कोरलेल्या, बरोबर चार बोटं बसतील एवढ्या. पावसात, घाबरलेल्या माणसाचा घामेजला हातसुद्धा तिथे घट्ट बसतो. त्या पाथरवटांच्या हातात छिन्नी होती, फूटपट्टी असेल-नसेल. तुमच्याकडे शिलाई मशीन आहे.

घरी आल्यावर आईने माझा खटाटोप पाहिला. “अरे, नाडीच ओवायचीय ना?” म्हणाली आणि मागच्या टोकाला भोक असलेला जुना टूथब्रश घेऊन आली. परकराची नाडी ती आयुष्यभर तशीच ओवत आलीय. पण टूथब्रश तुमच्या खणात शिरेना. मग कांद्याच्या गोण्या शिवायचं दाभण काढलं. ते शिरलं, नवारीतही शिरलं आणि माझ्या अंगठ्यातही.

शेवटी पंधरा किलोचा तेलाचा रिकामा डबा कापला. त्यातून २० सेंटीमीटर लांब, ६० मिलिमीटर रुंद पट्टी काढली. दोन्ही कडा तीन-तीन मिलिमीटर आत वळवल्या, नाहीतर पत्रा नवार कापतो. मग मधोमध दुमडून लाटण्याने ठोकली. राहिली २७ मिलिमीटर, तुमच्या सगळ्यात कंजूष खणातूनही जाणारी. पुढचं टोक जिभेसारखं निमुळतं केलं, कानशीने घासलं. मागचं तोंड म्यानासारखं उघडं ठेवलं आणि तिथे एक भोक पाडलं. पाउचच्या पट्टीचं टोक म्यानात सरकवलं की तिचं टिचबटण त्या भोकातून डोकावतं आणि पट्टी अडकून बसते. वरून मेणबत्ती चोळली. मग जीभ एका नवारीखालून, दुसरीखालून, सुळ्ळकन. चार मिनिटांत पाउच बसलं. आई म्हणाली, “नाडीच तर होती.”

तुमच्या कृपेने मी पत्रा कापायला, कडा वळवायला शिकलो. आभार कसे मानू? तीन मित्रांनी अशा पट्ट्या मागितल्यात. त्यातल्या दोघांच्या बॅगांवर तुमचाच वाघ आहे. तुमच्यासाठीही एक करून ठेवलीय, टपालखर्च तेवढा पाठवा.

पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा’ लिहायची पद्धत आहे. तुम्हाला ते लिहायची गरज दिसत नाही.

कळावे.

आपला,
दोन खण जास्त मिळालेला ग्राहक

ता. क. आज पुन्हा हरिहरला जाऊन आलो. माकड आलं, पाउच ओढलं, दोनदा ओढलं, माझ्याकडे रागाने पाहिलं आणि शेजारच्याच्या बॅगेकडे वळलं. त्याच्या लेबलावरही वाघ होता.