शेऱ्याचा रकाना

पुण्याच्या जुन्या पेठांमधला पत्ता तिरक्या रेघेशिवाय लिहिताच येत नाही. घराचा नंबर, मग रेघ, मग पोटहिश्श्याचा नंबर, आणि भावाभावांत वाटण्या झाल्या असतील तर पुढे एखादा ‘अ’ किंवा ‘ब’. कोथरूडकडे सरकलात तर सर्व्हे नंबर, आणि त्यात दोन-दोन रेघा. असा पत्ता ऑनलाइन अर्जात टाइप केला की चौकट लाल होते आणि खाली ओळ उमटते: विशेष चिन्हे चालणार नाहीत. ज्या राज्यात जमिनीचा उताराच ७/१२ म्हणून ओळखला जातो, तिथे या रेघेत विशेष ते काय, हे विचारायची सोय नसते. रेघ काढली की दोन्ही आकडे एकमेकांना चिकटतात आणि त्या पेठेत कधीच नसलेल्या घराचा पत्ता तयार होतो. तो मात्र अर्जाला लगेच पटतो. हिरवी टिकसुद्धा मिळते.

खरं सांगितलं की अडवायचं आणि खोटं सांगितलं की पुढे सोडायचं, हा या अर्जांचा स्वभावच आहे. अर्ज बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक आदर्श नागरिक बसलेला असावा. त्याचं नाव तीन तुकड्यांचं असतं, पत्ता छोटा असतो, त्याने आयुष्यात आडनाव बदललेलं नसतं, मोबाइल त्याच्याच खिशात असतो आणि त्याला रेंजही असते. या गृहस्थाला मी अजून भेटलेलो नाही. भेटला तर एकदा चहाला बोलवीन म्हणतो, त्याच्याकडून दोन-चार अर्ज भरून घेता येतील.

नावाचंच घ्या. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी येतं, आधारवर ते शेवटी जातं. लग्न झालेल्या बाईचं दहावीचं प्रमाणपत्र एका नावाचं आणि रेशनकार्ड दुसऱ्या नावाचं असतं. दोन्हीकडची बाई एकच आहे हे सगळ्या गावाला माहीत असतं, फक्त अर्जाला नसतं. त्यात १ मे २०१४ रोजी किंवा नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रात आता आईचंही नाव लागतं: आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. निर्णय उत्तमच आहे. पण नावं चार आणि चौकटी तीन. मधल्या चौकटीत आई-वडील दोघांना बसवावं, तर मधे मोकळी जागा सोडायची नाही अशी सूचना येते. शेवटी आई आणि वडील मिळून एकच सलग नाव होतं. एवढी एकवाक्यता प्रत्यक्ष संसारात क्वचितच दिसते.

मग जन्मतारीख. आमच्या आधीच्या पिढीत १ जूनला जन्मलेल्यांची संख्या संशय यावा इतकी मोठी आहे. पोराला शाळेत घालायला आणलं, तारीख कुणाला आठवेना, तर गुरुजी त्याच्याकडे एकवार नीट बघायचे आणि वय अदमासे धरून १ जून लिहून टाकायचे. रकाना भरला, पोरगं वर्गात बसलं. आता त्याच गृहस्थांचा निवृत्तिवेतनाचा अर्ज भरायचा असतो. तारखेच्या चौकटीवर बोट ठेवलं की चालू महिन्याचं कॅलेंडर उघडतं, वर डावीकडे एक छोटा बाण. एक टिचकी, एक महिना मागे. जन्मसाल १९५२. आजोबा शेजारी बसून बघतात, मुलगा टिचक्या मारत राहतो, आणीबाणी येते, जाते, बांगलादेशचं युद्ध येतं, आणि १९६०च्या आसपास कुठेतरी बोट घसरून कॅलेंडर मिटतं. पुन्हा उघडावं तर चालू महिना.

पिनकोडबद्दल मला वेगळीच हळहळ वाटते. पत्त्यांमधला गोंधळ मिटावा म्हणून १५ ऑगस्ट १९७२ला देशात सहा आकडी पिनकोड आला. एकाच नावाची गावं ढिगाने, पत्ते नाना लिप्यांत. टपाल खात्याच्या माणसांनी ते वाचायचे तरी कसे? ही पद्धत बसवण्याचं श्रेय श्रीराम भिकाजी वेलणकरांना दिलं जातं. मराठी माणूस, केंद्रात दळणवळण मंत्रालयात अधिकारी आणि शिवाय संस्कृतचे कवी. पहिल्या आकड्यात विभाग, पहिल्या तिघांत टपालाचा जिल्हा, सहाव्यापर्यंत थेट वाटपाचं टपाल कार्यालय. आणि आपला अर्ज? तो पिनकोड घेतो, बाजूला ठेवतो आणि मग विचारतो: देश कोणता? यादी अफगाणिस्तानपासून सुरू. आपण आइसलँड आणि इंडोनेशिया यांच्या मधे असतो, मोबाइलवर अंगठा जरा जोरात फिरला की थेट झिंबाब्वे. मग राज्य, मग जिल्हा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ला ठाण्यातून वेगळा झाला, तरी त्यानंतरही अनेक याद्यांत तो ठाण्याच्याच पोटात राहिला होता. वेलणकरांनी सहा आकड्यांत बसवलेलं सगळं अर्ज आपल्याकडून पुन्हा वदवून घेतो.

बँकेच्या आयएफएससी कोडची तऱ्हाही अशीच. अकरा अक्षरांचा कोड, त्यातलं पाचवं कायम शून्य. सगळ्या बँकांचं. तिथे कुणी चुकून इंग्रजी ‘ओ’ टाइप केला तर त्याला शून्यच म्हणायचं होतं यात शंकेला जागाच नाही. पण अर्ज ‘कोड अवैध’ म्हणतो आणि गप्प बसतो. अवैध का, ते सांगत नाही. फोटो वीस ते पन्नास केबी, सही दहा ते वीस केबी, याबद्दल मी काही बोलत नाही. त्या हिशेबावर गावोगावच्या कितीतरी फोटो स्टुडिओंची चूल पेटते.

कागदी अर्ज काही फार मायाळू होते असं नाही. रांग होती, ‘साहेब जेवायला गेलेत’ होतं, तिकीट चिकटवायला डिंकाची वाळलेली बाटली होती. पण छापील तक्त्याच्या उजव्या कडेला बहुधा एक अरुंद रकाना असायचा: शेरा. गाव नमुना बारामध्ये पीक, क्षेत्र, पाण्याचं साधन सगळं लिहून झाल्यावर तो येतो. नमुना सातमध्ये ‘इतर हक्क’ आहेत; कर्जाचा बोजा, कुळाचं नाव, विहिरीतला हिस्सा, जे कुठेच बसत नाही ते तिथे जातं. ते नमुने आखणारे काही संत नव्हते, सारावसुली हेच त्यांचं काम. पण एकरभर जमिनीचीसुद्धा हकीकत ठरावीक रकान्यांत मावत नाही, एवढं त्यांना कळलं होतं. ऑनलाइन अर्जात सगळं असतं. लाल फुल्या असतात, ओटीपी असतो, उलटा चालणारा घड्याळाचा काटा असतो, ‘बॅक दाबू नका’ असतं, पैसे कापले जाऊनही पावती न येणं असतं. शेरा नसतो.

म्हणजे साइटवर नसतो. आमच्याकडच्या एका सेवा केंद्रात तो मी पाहिला. अर्धं दुकान झेरॉक्सचं, अर्धं रिचार्ज आणि लॅमिनेशनचं. तिथे बसणाऱ्या पोराने लांबट वहीत फूटपट्टीने रेघा मारल्यात: नाव, मोबाइल, कोणता अर्ज, पासवर्ड (हो, पासवर्डसुद्धा, सायबर सुरक्षेवाल्यांनी हे वाक्य वाचू नये), आणि शेवटी शेरा.

“आजी, ओटीपी आला का बघा.”

“आला आसंल की. पण फोन नातवाकडं.”

“नातू कुठंय?”

“चाकणला. कंपनीत.”

पोराने उसासासुद्धा टाकला नाही. वहीत लिहिलं: ‘फर्स्ट शिफ्ट. तीननंतर फोन करून मग अर्ज उघडणे.’ मी वरच्या ओळी वाचल्या. ‘वीटभट्टी. अंगठा उमटत नाही. चार दिवस काम बंद असेल तेव्हा बोलावणे.’ ‘माहेरचं नाव आधारवर, सासरचं बँकेत. बाई तीच.’ ‘ऐकू कमी येतं, ओटीपी मुलीला विचारणे.’

ई-मेलचा रकाना वहीत नव्हताच. विचारलं तर म्हणाला, साइटला ई-मेल लागतोच, मग सगळ्यांना मी माझाच टाकतो. म्हणजे कुणाची शिष्यवृत्ती अडकली, कुणाच्या अर्जात त्रुटी निघाली, कुणाचं अनुदान मंजूर झालं, पंचक्रोशीची ही सगळी पत्रं या एका पोराच्या मोबाइलवर येऊन पडतात.

“मग ज्याचं त्याला कळवतोस का?”

“जाता-येता सांगतो की. कालच एकाला एसटी स्टँडवर गाठलं, म्हटलं काका, ठिबकचं अनुदान मंजूर झालंय. त्यांनी चहा पाजला, आणि म्हणाले, एवढ्यात घरी बोलू नको.”