पहाटे साडेतीनचा कापूस

‘माह्या मशीनवर त चालते नं बापा!’ हे वाक्य जगातल्या प्रत्येक प्रोग्रामरनं आपापल्या बोलीत कधी ना कधी म्हटलेलं असतं. म्हणून झालं की तो मोकळा होतो, आणि ज्याच्याकडे चालत नाही तो स्वतःच्या मशीनकडे संशयानं पाहत बसतो. कंटेनर आले ते या वाक्याचा बंदोबस्त करायला. प्रोग्राम एकटा पाठवू नका, त्याला लागणाऱ्या लायब्ऱ्या, फाइली, सगळं बिऱ्हाड सोबत पाठवा, एवढंच त्यांचं म्हणणं.

माझ्या भाच्याला तिवस्यात, नागपूर-अमरावती रस्त्यावरच्या एका वजनकाट्याचं काम मिळालं. कापसाची भरली गाडी एकदा मोजायची, रिकामी एकदा, वजाबाकी करून पावती द्यायची. ही वजाबाकी चौथीतलं पोर करून देईल. भाच्यानं ती सी प्लस प्लसमध्ये लिहिली. त्याचा लॅपटॉप नवा, काट्यावरचा कॉम्प्युटर म्हातारा. इथं कंपाइल केलेलं तिथं चालेलच याचा भरवसा नाही. तेव्हा कंपाइल करणंही कंटेनरातच. त्यासाठीची जीसीसी या कंपायलरची तयार इमेज, म्हणजे कंटेनरचा साचा, एक जीबीच्या वर. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ती उतरेपर्यंत आंबिया बहार संपून मृग लागतो की काय, असं वाटलं.

बरं, कंटेनर बांधून देणारं डॉकर कृतीच्या ओळीगणिक थर रचतं, आणि वरची ओळ बदलली की खालचे सगळे थर नव्यानं. भाच्यानं स्वतःचा कोड वर आणि पॅकेजं खाली लिहिली. त्यामुळे एक अर्धविराम दुरुस्त केला की पॅकेजांची सगळी वरात पुन्हा इंटरनेटवरून निघायची. अर्धविराम इतका महाग असतो हे शाळेत कळतं, तर आमच्या पिढीचं व्याकरण सुधारलं असतं.

एका इमेजमध्ये कंपाइल करून तयार प्रोग्राम तेवढा दुसऱ्या, लहान इमेजमध्ये टाकायची सोय डॉकरमध्ये २०१७ साली आली. भाच्यानं अल्पाइन निवडली, जेमतेम पाच एमबीची. प्रोग्राम चालवला तर उत्तर आलं, ‘नॉट फाउंड’. फाइल समोर दिसते, नाव बरोबर, परवानग्या बरोबर, आणि तरी ती नाही! हरवला होता तो प्रोग्राम उचलून चालू करणारा लोडर. कंपाइल झालं होतं जीलिबसीच्या भरवशावर, आणि अल्पाइनमध्ये नांदते मसल नावाची दुसरीच सी लायब्ररी. हरवलं एक, तक्रार दुसऱ्याच्या नावानं. मग मुकाट्यानं डेबियनची स्लिम इमेज.

हे सगळं शेजारचे काकाजी बाजेवर बसून पाहत होते. ‘हे कंटेनर म्हंजे होय तरी काय?’

भाच्यानं त्यांचंच घर पुढं केलं. काकाजी आणि त्यांचे धाकटे भाऊ वेगळे निघाले तेव्हा घराच्या मधोमध भिंत घातली. चूल वेगळी, दार वेगळं. विहीर मात्र एकच. ती विहीर म्हणजे कर्नल, ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. भावानं गावाबाहेर प्लॉट घेऊन स्वतःची बोअर मारली असती तर ती झाली असती व्हर्च्युअल मशीन. भिंत घालायची ही विद्या जुनी: युनिक्समध्ये १९७९ साली सीएचरूट आलं, २००० साली फ्रीबीएसडीची जेल, आणि २००८ साली लिनक्सच्या कर्नलमध्ये सीग्रुप, म्हणजे विहिरीतून कोणी किती उपसायचं याची पाळी. मेमरीची हद्द ओलांडली की कर्नल त्या प्रोग्रामला जागीच ठार करतो. भाऊबंदकीच्या कायद्यात अजून ही तरतूद नाही. २०१३ साली डॉकरनं केलं ते इतकंच, की गवंडी फुकट मिळायला लागला.

काट्यावरचा पहिलाच शेतकरी पावती घेऊन परत आला. सकाळचे नऊ वाजले होते. ‘पहाटं साडेतीनले त मी घरी झोपून होतो. माहा कापूस मोजला कोनं? अन् माह्या नावाच्या जागी ह्या चौकटी कायच्या?’

कंटेनरातलं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. आणि स्लिम इमेजमध्ये देवनागरी फॉन्टच नव्हता. भाच्यानं लोहित फॉन्ट आत टाकला, बाहेरच्या घड्याळाची फाइल आत दाखवली. काट्याची वायर ज्या सीरियल पोर्टला लागते तोही आतून दिसत नव्हता. तो आधीच वेगळा नेमून द्यावा लागला होता. कंटेनर काढून टाकला की आतल्या पावत्याही जातात, म्हणून त्यांना बाहेर जागा केली. मला यात कंटेनरचीच बाजू पटते. एरवी प्रोग्राम कशाकशावर जगतो हे कोणी विचारत नाही. घड्याळ, फॉन्ट, वायर सगळं गृहीत. भिंत आली की एकेक गोष्ट मागावी लागते, आणि मागितलेली लिहून ठेवावी लागते.

काकाजींना हे पटलं नाही. ‘घड्याळाले एक भोक, काट्याले एक, पावत्याले एक. मंग भित घातलीच कायले?’

‘थोडंसं उघडं ठेवाच लागते, काकाजी,’ भाचा म्हणाला. ‘आता तुमच्या भितीतली चुलीमागची वीट काकूनं सैल करून ठेवली नाही का? हिकडून विरजण जाते, तिकडून लोणचं येते...’

काकाजी बाजेवरून उठले. ‘कोनती वीट?’