पणजीची भूल

पणजी हे मांडवी नदीच्या डाव्या तीरावरचे शहर आहे. अरबी समुद्र सुरू होतो तो मिरामारपाशी; गावाच्या ऐन मध्यात दिसते ते पाणी नदीचे. ही भौगोलिक बाब बाहेरून आलेल्या माणसाला सांगण्यात अर्थ नसतो. तो बसमधून उतरतो, पाणी बघतो, ‘समुद्र!’ म्हणतो, आणि पुढची सगळी लक्षणे तिथूनच सुरू होतात.

वास्तविक या शहराची भरभराट झाली ती प्रकृतीच्या कारणास्तव. जुन्या गोव्यात साथींनी माणसे टिकेनात, तेव्हा १७५९ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने आपले बिऱ्हाड पणजीच्या आदिलशाही वाड्यात हलवले. १८४३ साली पणजी रीतसर राजधानी झाली. रोगराईला कंटाळलेल्या सरकारी मंडळींनी वाढवलेले गाव पुढे रसिकांचे तीर्थ व्हावे, हा योग दुर्मीळच.

याच वाड्याशेजारी आबे फारियांचा पुतळा आहे. हात पसरलेले पाद्री आणि त्यांच्यापुढे कोसळत असलेली स्त्री, असे ते शिल्प. अनोळखी पाहुण्याला हा फौजदारी मामला वाटतो. प्रत्यक्षात १७५६ साली कांदोळीत जन्मलेले हे गृहस्थ पॅरिसमध्ये संमोहनाचे जाहीर प्रयोग करीत. त्यांचे म्हणणे असे, की माणसाला भूल पडते ती संमोहकाच्या अंगच्या शक्तीने नव्हे. जे काही घडते ते भुलणाऱ्याच्याच मनात. पणजीवर लट्टू होणाऱ्यांचा उलगडा करायला याहून चांगला सिद्धांत अजून निघालेला नाही. मुंबईहून निघालेला माणूस पनवेलच्या पुढेच अर्धा झोपलेला असतो. उरलेले काम पणजी फार कष्ट न घेता करते.

ते काम मुख्यतः फोंताइन्हास या जुन्या वस्तीत होते. पिवळी, निळी, तांबडी घरे, लाल कौले, अरुंद गल्ल्या. पांढरा रंग चर्चसाठी राखीव असल्याने घरांनी इतर रंग घेतले, असे सांगतात. काही जुन्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ तुकडे बसवलेले असतात. त्यांतून येणारा उजेड दुधाळ असतो, आणि आत काय चालले आहे ते मात्र बाहेर दिसत नाही. हा दुसरा गुण घरमालकांना हल्ली अधिक मोलाचा वाटतो, कारण त्यांच्या दारात रोज कोणी ना कोणी विचारमग्न मुद्रेने भिंतीला टेकून उभे असते आणि समोरचा मित्र ‘जरा नैसर्गिक उभा राहा’ म्हणत असतो. ‘फोटो काढू नका’ अशी पाटी लावावी, तर लोक त्या पाटीचाच फोटो काढतात.

शहराची कला कुलूपबंद दालनात सापडत नाही. ती कामाच्या जागी भेटते. मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात निळ्या-पांढऱ्या फरशांवर कामोइंश या कवीच्या महाकाव्यातले प्रसंग आहेत. झोर्ज कोलासो या पोर्तुगीज चित्रकाराचे हे काम. काही कामानिमित्त आत शिरलेला माणूस एकदम वादळात सापडलेल्या गलबतांपाशी पोचतो. कांपालला चार्ल्स कोरियांनी बांधलेली कला अकादमी १९८३ साली उभी राहिली. तिच्या दीनानाथ मंगेशकर कलामंदिरात मारिओ मिरांडांनी भिंतींवर प्रेक्षक रंगवले. नाट्यक्षेत्राला इतकी व्यावहारिक मदत क्वचितच कोणा चित्रकाराने केली असेल. नाटक कितीही पडेल असो, निदान काही प्रेक्षक जागचे हलत नाहीत, त्यांचे फोन वाजत नाहीत, आणि मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत ते पुढेही घुसत नाहीत.

दुपारी एकच्या सुमारास मात्र या रसिकतेची परीक्षा होते. दुकाने बंद होऊ लागतात. घाईच्या शहरातून आलेला प्रवासी बंद दारासमोर घड्याळ बघत उभा राहतो. पुणेकराला हा रिवाज पाहून घरी आल्यासारखे वाटते. चारच्या आसपास दारे उघडतात, तोवर बहुतेकांनी या सवयीला ‘जीवनदृष्टी’ म्हणायला सुरुवात केलेली असते. पणजीकर तिला दुपारची झोप म्हणतात.

शेवटची अवस्था म्हणजे घराच्या किमतीची चौकशी. बाल्कांवातल्या, म्हणजे दारापुढच्या ओसरीतल्या, दगडी बाकावर जेमतेम अर्धा तास बसलेला मनुष्य नोकरी सोडून इथे चित्रे काढण्याचे बेत आखतो. पूर्वी कधी ब्रश हातात धरला होता काय, हा प्रश्न त्या क्षणी गौण ठरतो. दलाल आकडा सांगतो तेव्हा निम्मे लोक शुद्धीवर येतात. उरलेल्यांना जुन्या घराचा मालक पावसाची माहिती देतो. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. दर उन्हाळ्यात कौले परतायची, भिंतींना पुन्हा रंग द्यायचा, कपाटातले कपडे बुरशीपासून वाचवायचे. शिवाय कॅनव्हासलाही बुरशी येते. यानंतर चौकशी साधारणपणे घरावरून हॉटेलच्या खोलीवर येते, आणि खोली डिसेंबरातली मागितली जाते.