ड गटाचे काका

कबड्डीच्या लिलावात पहिल्या दिवशी जे काही घडतं, त्याच्याशी काकांना देणंघेणं नसतं. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईत प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामाचा लिलाव झाला. तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाख ५० हजार लावले, आपल्या पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरझा शादलुईसाठी २ कोटी ३५ लाख मोजले आणि कबड्डीवालं पुणं तोंडात बोट घालून बसलं. काका बशीत चहा ओतत होते. "कोटीतला खेळाडू कोणीही घेईल," ते म्हणाले, "त्याला पैसे लागतात, अक्कल लागत नाही."

अक्कल लागते ती दुसऱ्या दिवशी. ड गटाची नावं पुकारली जातात, निम्म्या नावांना कोणी हात वर करत नाही आणि समालोचकही मधूनमधून भलत्याच गप्पा मारू लागतात, तेव्हा काका चष्मा पुसून पुढे सरकतात. या गटाची पायाभूत किंमत त्या वर्षी ९ लाख होती. पलटणने असा एखादा ९ लाखांचा गडी उचलला की काकांची दिवाळी सुरू होते, आणि ती पुढच्या लिलावापर्यंत पुरते.

हे काका एकच नाहीत. कसब्यात आहेत, घोरपडे पेठेत आहेत, पिंपरीला आहेत, आणि बाणेर-बालेवाडीत तर सोसायट्या येण्याच्या आधीपासून आहेत. तरुणपणी ते ५५ किलो वजनी गटात खेळलेले असतात. आता त्या गटाची आणि त्यांची तोंडओळखही उरलेली नाही. प्रत्येकाचा एक गुडघा गेलेला असतो, आणि तो नेमका निवडचाचणीच्या आदल्या आठवड्यात गेलेला असतो. मातीवर खेळलेल्या माणसाला मॅट आवडत नाही, मॅटवरचे बूट आवडत नाहीत, चढाईची ३० सेकंद आवडत नाहीत. "आमच्या वेळी दम संपेपर्यंत चढाई असायची," असं सांगताना त्यांचा दम दोनदा संपतो. एवढं सगळं नावडून हंगामातला एकही सामना ते चुकवत नाहीत.

अमृततुल्यात त्यांच्यासमोर कायम दोन प्रतिस्पर्धी. एक रिक्षावाले भाऊ, ज्यांना मोठं नाव लागतं. दुसरा हिंजवडीतला पुतण्या, ज्याला आकडे लागतात. गेल्या वेळी पलटणने स्वस्तात एक कव्हर घेतला, त्या दिवशीची गोष्ट.

"उजवा कव्हर आहे," काका म्हणाले. "पण वेळ पडली तर कोपऱ्यात उभा राहतो. आणि तिसऱ्या चढाईला कोणी नसेल तर चढाईलाही जाईल."

"म्हणजे एकही काम धड येत नाही," भाऊ म्हणाले.

"अष्टपैलू म्हणतात त्याला."

"शादलुईला अष्टपैलू म्हणतात. याला बदली म्हणतात."

पुतण्याने लॅपटॉप उघडला. "काका, गेल्या हंगामात तीनच सामने खेळलाय हा."

"मग ताजा आहे की."

"तीन सामन्यांत मिळून एक पकड."

"पण ती पकड बघितलीस का तू?"

पुतण्याने बघितली नव्हती. काकांनीही बघितली नव्हती, पण प्रश्न आधी त्यांनी विचारल्यामुळे तो गुण त्यांना मिळाला. मग पुतण्याने खेळाडूचं वय काढलं, उंची काढली, वजन काढलं. काका म्हणाले, "मी त्याला चाकणला प्रकाशझोतातल्या स्पर्धेत पाहिलाय." पुतण्या म्हणाला, "काका, तो हरियाणाचा आहे." काका म्हणाले, "पाहुणा खेळाडू म्हणून आला असेल." भाऊंनी दुसरा चहा सांगितला. "९ लाखांत पुण्यात पार्किंग मिळत नाही," काकांनी निकाल दिला, "आपल्याला कव्हर मिळाला!"

एक गोष्ट मात्र काकांच्या बाजूने सांगायला हवी. कव्हर ही कबड्डीतली सगळ्यात उपेक्षित जागा आहे, आणि ती त्यांना खरोखर कळते. चढाईपटूला बोनस मिळतो, टाळ्या मिळतात, पडद्यावर तीच चढाई पुन्हा संथ गतीने दाखवतात. कोपरारक्षक घोटा धरतो आणि मांडीवर थाप मारून मोकळा होतो. त्या दोघांच्या मधे उभा असतो कव्हर. पुढे सरकला तर 'घाई केली', मागे राहिला तर 'साखळी तुटली'. कोपऱ्याने घोटा धरल्यावर चढाईपटूला मध्यरेषेपर्यंत पोचू न देण्याचं अंगमेहनतीचं काम याचं; गुण बहुतेक वेळा कोपऱ्याच्या खात्यात. बालेवाडीच्या गॅलरीत सगळ्यांच्या नजरा चढाईपटूवर खिळलेल्या असतात, तेव्हा काका अबिनेश नादराजनच्या पायांकडे बघत असतात. "आता जाणार," असं ते पुटपुटतात, आणि पुढच्याच क्षणाला तमिळनाडूचा तो गडी झेपावलेला असतो. हे त्यांना कसं कळतं, ते पुतण्याच्या कुठल्याच तक्त्यात सापडत नाही. घरी तरी या ज्ञानाची कदर असावी, तर काकू कप उचलता उचलता म्हणतात, "आमच्याकडेही ड गटातलंच आहे. अजून चमकायचंय."

पण एवढ्या आत्मविश्वासाने बोलायचं बळ काकांना दिलं कोणी? अस्लम इनामदारने.

आठवा हंगाम. करोनाच्या धास्तीने सगळे सामने बंगळुरूत, प्रेक्षकांविना. पलटणकडे राहुल चौधरी आणि नितीन तोमर ही बडी नावं, प्रशिक्षक अनुप कुमार. पहिल्या काही सामन्यांत नावांनी काही केलं नाही. मग नव्या तरुण खेळाडूंच्या कोट्यातून आलेली पोरं मैदानात उतरली, त्यांत नगर जिल्ह्याचा अस्लम आणि हरियाणाचा मोहित गोयत. मोहितने बोनस घेत आणि मधेच पकडीही करत हंगाम गाजवला, अस्लम तर थांबेचना. पुढे अस्लम हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. त्यानंतर पाच महिन्यांच्या आत, १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला त्याच्या नेतृत्वाखाली पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं. त्या अंतिम सामन्यात निर्णायक चढाई केली पंकज मोहितेने; तोही असाच, नव्या पोरांतून वर आलेला.

झालं. त्या रात्रीपासून अस्लमला सर्वांत आधी हेरणारे काका पुण्यात इतके झाले, की त्यांना एकत्र बसवायचं तर बालेवाडीचं सभागृह पुरायचं नाही. प्रत्येकाने त्याला कुठल्या ना कुठल्या मैदानावर, तो लहान असताना, पाहिलेलं आहे. प्रत्येकाने त्याच दिवशी शेजारच्याला कोपराने ढोसून सांगितलेलं आहे. तो शेजारचा मात्र अजून एकाही काकांना हजर करता आलेला नाही.

माझ्या मते ड गटाच्या प्रेमाचं मूळ इथे आहे. शादलुई चांगला खेळेल, असं भाकीत केल्याबद्दल तुम्हाला कोणी शाबासकी देत नाही. त्याच्यावर २ कोटी ३५ लाख लावणाऱ्या संघाला ते आधीच ठाऊक होतं. पण ९ लाखांच्या पोराने चढाई मारली, की श्रेयाचा अर्धा वाटा मोकळा पडलेला असतो, आणि काका तो उचलतात. पोरगं फसलं तरी काकांचं नुकसान शून्य. गेल्या काही लिलावांत त्यांनी ज्यांची ज्यांची नावं गाजवली, त्यांतली बहुतेक आज त्यांनाही आठवत नाहीत. पुतण्याच्या लॅपटॉपला ती आठवतात, म्हणून काका लॅपटॉपला 'ते यंत्र' म्हणतात आणि त्याच्याकडे पाठ करून बसतात.

काकांचा सिद्धांत एकदाच उघडा पडला, तोही घरच्या मैदानावर. विजेतेपदानंतरच्या लिलावात पलटणने शादलुईला जाऊ दिलं. हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाखांना घेतलं. भाऊ हळहळले. काका खूश.

"दोन कोटी सात लाखांत ९ लाखांचे तेवीस कव्हर येतात!"

"काका," पुतण्या म्हणाला, "मैदानात सातच उतरवता येतात."

त्या हंगामात अस्लम जखमी होऊन बाहेर बसला आणि गतविजेती पलटण बाद फेरीपर्यंतही पोचली नाही. बाद फेरी आणि अंतिम सामना मात्र बालेवाडीतच होता. २९ डिसेंबर २०२४ रोजी हरियाणाने पाटणा पायरेट्सला ३२-२३ असं हरवलं, आणि आपण सोडलेल्या शादलुईने आपल्याच बालेवाडीत चषक उचलला. वर चढायांमध्ये ज्याने पाटण्याला हैराण केलं, तो शिवम पटारेही महाराष्ट्राचा. भाऊ आणि पुतण्या दोघेही काकांकडे बघत होते. काका बराच वेळ शांत होते. मग म्हणाले, "पटारे मी आधीच सांगितला होता."

३१ ऑक्टोबर २०२५ला दिल्लीत बाराव्या हंगामाच्या अंतिम सामन्यात पलटण पुन्हा उतरली आणि दबंग दिल्लीकडून २८-३१ अशी हरली. दुसऱ्या दिवशी अमृततुल्यात भाऊ पंचांवर चिडलेले होते, पुतण्या तिसऱ्या चढायांचे आकडे काढून बसला होता. काकांचं विश्लेषण एका वाक्यात संपलं. "तीन गुण म्हणजे काय? एक चांगला कव्हर."

तेव्हा वाचकहो, पुढच्या लिलावाच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या पेठेतले काका तुम्हाला गाठतील आणि कानाशी येऊन एक नाव सांगतील. वाद घालू नका. खिशातून कागद काढा, नाव लिहा, तारीख टाका आणि खाली काकांची सही मागा. सही मिळाली तर मला जरूर कळवा. आजवर एकालाही मिळालेली नाही.