तुमचा गेम कसला?

कोल्हापुरात चप्पल घ्यायला गेलं की दुकानदार फक्त पायाकडे बघतो. चप्पल लाईनीत बसलेल्या त्या माणसाला तुमच्या स्वभावाशी काही देणंघेणं नसतं. नवी जोडी सुरुवातीला चावते, करकरते, मग तेल पिऊन पिऊन हळूहळू पायाच्या आज्ञेत येते. टाचेचा ठसा तिच्यात इतका मुरतो की देवळाबाहेरच्या गर्दीतही ती पायालाच आधी ओळख देते. बॅडमिंटनच्या रॅकेटचं तसं नाही. ती कुणाच्या हाताला मुरत नाही. कार्बन ग्राफाइटची ती सडपातळ, जराशी गर्विष्ठ वस्तू दुकानातून जशी येते तशीच एक दिवस तडकते. मधल्या काळात बदलायचंच असेल तर माणसानं बदलावं, अशी तिची अपेक्षा. म्हणून रॅकेट विकणारा आधीच विचारून घेतो, "काका, तुमचा गेम कसला हाय?"

इतका खासगी प्रश्न मला बऱ्याच वर्षांत कुणी विचारला नव्हता. डॉक्टर पचनाची चौकशी करतात, बँकेतली मुलगी वारसाचं नाव विचारते; पण तुमचा गेम कसला, हे सोबत संसार केलेली माणसंही विचारत नाहीत. कदाचित त्यांना तो माहीत असतो म्हणून. मी गप्प राहिलो तसा त्या पोरानं समजूतदारपणे काउंटरवर रॅकेटी मांडायला सुरुवात केली. ही थ्री-यू, म्हणजे ८५ ते ८९ ग्रॅम. ही फोर-यू, ८० ते ८४. हिचं डोकं जड, स्मॅश दणकून बसणार. पण समोरून तसाच परत आला तर ती खाली आणेपर्यंत फूल पायाशी. हिचं डोकं हलकं, नेटजवळ सपासप फिरते. आता दांडी. कडक दांडी झटक्यात सरळ होते, पण तिला मनगटही तेवढंच झटक्याचं लागतं; ते नसेल तर ती कशाला मदत करील? मऊ दांडी मागे वाकते, थांबते आणि संथ हाताला पदरचं थोडं बळ देते. गटिंगही तसंच. २८ पाउंडांवर ओढलेली तार फटक्यावर ताबा देते, पण फूल अगदी मधोमध बसलं तरच. २२ पाउंडांवरची तार चुकलेल्या फटक्यालाही सांभाळून घेते. त्यानं एक रॅकेट बोटावर आडवी तोलून दाखवली. ती क्षणभर स्थिर राहिली आणि मग सावकाश डोक्याच्या बाजूला कलली, एखादा निवृत्त न्यायाधीश दुपारच्या सभेत कलतो तशी.

जड डोक्याच्या रॅकेटी तो सारखा पुढे सरकवत होता. त्याचा दोष नाही. या गावाला जोराचं वेड आहे. शाहू महाराजांनी कुस्तीसाठी खासबागेचं मैदान बांधलं, आणि तालमींची नावं घेतलेले फुटबॉलचे संघ अजूनही शाहू स्टेडियमवर असे भिडतात की अर्धं गाव त्या दिवशी अर्ध्या गावाशी बोलत नाही. अशा ठिकाणी दुकानात उभं राहून "हलक्या डोक्याची द्या" म्हणायला वेगळंच धैर्य लागतं. २०२३ मध्ये आपल्या सात्विकसाईराज रंकीरेड्डीच्या स्मॅशचा वेग ताशी ५६५ किलोमीटर मोजला गेला आणि गिनीज बुकात नोंदला गेला. आमच्या सकाळच्या हॉलमध्ये त्या आकड्याचा उल्लेख अशा सुरात होतो, जणू आमच्यातल्याच कुणाचा तो थोडक्यात हुकला होता.

आणि इथून पन्नासेक किलोमीटरवर सांगली. तिथं १९३३ मध्ये नंदू नाटेकर जन्मले. १९५६ मध्ये क्वालालंपूरला सेलंगोर स्पर्धा जिंकून परदेशात विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू झाले आणि १९६१ च्या पहिल्या अर्जुन पुरस्कारांत त्यांचं नाव होतं. ज्यांनी त्यांना खेळताना पाहिलं ते जोराबद्दल बोलत नाहीत. मनगटाबद्दल बोलतात, नाजूक हुलकावणीबद्दल बोलतात. तेही लाकडी रॅकेटीच्या काळात. सांगलीकरांना हे ऐकवायची सोय नाही, लगेच फुशारतील; पण कृष्णेकाठच्या त्या मनगटाचा मला पंचगंगेकाठी बसून हेवा वाटत आला आहे.

लाकडी रॅकेट आमच्याही घरी होती. वडिलांची. पावसाळ्यात लाकूड पीळ खातं म्हणून ती चार स्क्रूंच्या लाकडी चौकटीत घट्ट आवळून भिंतीवर टांगलेली असे. इथला पाऊस जून ते सप्टेंबर मुक्कामालाच येतो, त्यामुळे वर्षाचा तिसरा हिस्सा ती रॅकेट कोठडीतच काढी. रोज संध्याकाळी वडील चारही स्क्रू एकेक चिमूट पिळून बघत. खेळण्यापेक्षा हे काम त्यांना अधिक आवडत असावं. उघडीप झाली की अंगणात दोरी बांधून खेळ सुरू होई. गेम कसला, हे वारा ठरवी. फूल कौलावर गेलं की दिवस संपला. घरात रॅकेट एकच, त्यामुळे खेळायचं तर दुसरी रॅकेट असलेलं घर शोधावं लागे. माझ्या लहानपणीच्या निम्म्या मैत्र्या या गरजेतून जुळल्या आणि रॅकेटींपेक्षा जास्त टिकल्या.

रॅकेटी बनवणाऱ्या योनेक्स कंपनीची कथाही अशी उलट्या बाजूनं सुरू होते. मिनोरू योनेयामांनी १९४६ मध्ये जपानात कारखाना काढला तो मासेमारीच्या जाळ्यांना लावायच्या लाकडी तरंगत्यांचा. पुढे प्लॅस्टिकचे तरंगते आले, लाकडाला कुणी विचारीना, आणि १९५७ पासून तिथं बॅडमिंटनच्या रॅकेटी बनू लागल्या. जाळं पाण्यावर ठेवणारा माणूस जाळीवरून फूल मारण्याच्या धंद्यात आला. त्यांनाही त्या वेळी कुणी विचारलं असतं, तुमचा गेम कसला, तर ते काय बोलले असते?

दुकानात उभ्याउभ्या मी आमचा हॉल डोळ्यांपुढून फिरवला. निवृत्त तलाठी आहेत, ते फूल आत की बाहेर यावर इंचाइंचाने भांडतात. एक डॉक्टर केवळ ड्रॉप टाकतात आणि प्रत्येक ड्रॉपनंतर "सॉरी" म्हणतात. आणि माझे डबल्सचे जोडीदार आप्पा. आप्पा तरुणपणी तालमीत होते. फूल उंच आलं की त्यांच्या डोळ्यांत खासबाग उभं राहतं आणि ते मागच्या रेषेवरूनसुद्धा स्मॅशच मारतात. तो नेटमध्ये जातो, बाहेर जातो, किंवा समोरचा तो सहज अडवून रिकाम्या कोपऱ्यात टाकतो. गुडघा दुखत असल्यानं आप्पा त्या कोपऱ्यात जात नाहीत. मी जातो. वर्षानुवर्षं मी तिथंच जात आलो आहे. पुढचं टिपायचं, मागचं उचलायचं, फूल जमेल तेवढं उंच परतवायचं, म्हणजे आप्पांना पुन्हा एकदा मारता यावं. आप्पांच्या गेममधून जो उरतो, तो माझा गेम.

"डबल्स खेळतो," मी त्या पोराला म्हणालो. "जोडीदार स्मॅशवाला आहे."

त्याला सगळं कळलं. त्यानं जड रॅकेटी मुकाट्यानं परत टांगल्या, हलक्या डोक्याची, मऊ दांडीची फोर-यू काढली आणि २२ पाउंडांवर गटिंगला लावली. ग्रिप कुठली, या प्रश्नाला मात्र मी ठासून लाल म्हणालो. तेवढं तरी गावाला शोभलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी ती हातात घेतली, दोन वेळा हवेत फिरवली आणि नाक मुरडलं.

"लई हलकी हाय की रे. काय मारणार हिनं?"

"मारायची नाही, आप्पा. उचलायला आणलीय."

त्यांनी पुन्हा एकदा तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि प्रसन्न होऊन ती परत दिली.

"बेस केलंस. आता मी बिनघोर मारतो."